वेंगुर्ला बंदर, ओहोटी

गंगावेशीत, सायकलच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत
समुद्र नाही.
खिडकीतून दिसतो उसाचा ट्रॅक्टर
आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेलं घोंगडं.
तरी कुबलनं बयाणा दिलाय,
दीड हजार आणि एक पापलेट.
"मास्तरनू, माझा बंदर काढून देवा. मोठा काढा."

पहिल्या दिवशी बर्न्ट सिएना
टर्पेंटाइनमध्ये पातळ करून
कॅनव्हासभर फासला, फडक्यानं पुसून घेतला.
काकवीचा रंग चढला सगळीकडे.
कोऱ्या पांढऱ्यावर समुद्र सुरू करायची मला भीती वाटते,
गुऱ्हाळाच्या रंगावर नाही वाटत.

क्षितिज मापपट्टीनं आखलं.
चोवीस वर्षं थेटरचे बोर्ड रंगवले,
परातीएवढ्या डोळ्यांवरच्या भुवया
एका दमात ओढल्या, शिडीवरून.
ही एक रेघ हातानं जमेना.

मग कोळशानं होड्या. तीन.
कुबल सोमवारी येतो, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
घाट उतरून गेलेल्या टेंपोचा,
बर्फाचा, बांगड्याचा वास आधी जिना चढतो,
मागून तो.
बराच वेळ गप्प.
"ओहोटीक होडी अशी ताठ उभी रवता?
कलांडता ती."
तिन्ही पुसल्या. कुशीवर निजवल्या.
बंदराला लगेच वय आलं.

पातळावर जाड,
उलट केलं की वर्षात भेगा.
दुसऱ्या थराला जवसाचं तेल थोडं,
तिसऱ्याला सढळ.
पण आषाढात तेल वाळतं कुठे?
आठ दिवसांनीही बोटाला आभाळ लागायचं,
दाराच्या कडीला, चहाच्या कपाला,
एकदा तर पासबुकाला.

पाण्यात पांढरा जरा मळतो, काळा जरा उजळतो:
हे मी पोरांना रंकाळ्यावर बसवून शिकवलं.
पण रंकाळा काही दिवसातून दोनदा मागे सरत नाही.
पाणी निघून गेल्यावरचा ओला, चकाकता चिखल
मी कुठून आणू?
अडलो. चार दिवस ब्रश धुतच बसलो.
मग आठवला पंचगंगेचा पूर,
चौथ्या पायरीपर्यंत चढलेला,
आणि उतरल्यावर सायकलींच्या आऱ्यांत राहिलेला गाळ.
तोच घेतला, नाइफनं जेट्टीखाली ओढला.
कुबल वाकला, बघितलं.
"अस्सोच," म्हणाला.

आता राहिला एकच ठिपका,
जेट्टीच्या टोकाशी, पाण्यावरचा उजेड.
पांढऱ्यात चिमूटभर पिवळा घालून ठेवला,
ओरडायला लागला.
खरवडला. पुन्हा ठेवला. पुन्हा खरवडला.
त्या जागी रंग नुसता ओला, घट्ट.

त्या सोमवारी कुबल हात न धुताच आलेला.
"हंयसर," त्यानं बोट टेकलं,
"हंयसर माझी आवस बसायची, पाटी घेवन."
मी ओरडेपर्यंत बोट उचललंही होतं.
"चुकला मास्तरनू," म्हणत त्यानं ते
लुंगीला पुसलं.

तो गेल्यावर दिवा लावला.
बोटाच्या ठशात एक खवलं चिकटलेलं,
सुरमईचं असावं.
चिमटा घेतला.
थोडं मागे गेलो, दारापर्यंत,
जिन्यापर्यंत.
चिमटा ठेवून दिला.

सही केली खाली उजव्या कोपऱ्यात,
चिखलात चिखलाच्याच रंगानं.