शेऱ्याचा रकाना

साकाता बंदरावर मी वाऱ्याची नोंद ठेवतो.
दिशा, वेग, वेळ. शेऱ्यासाठी अर्धी ओळ.
बारा वर्षांत त्या अर्ध्या ओळीत
‘बोटी परत’ याखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही.

इत्सुकीला ताप आला तो जानेवारीतला शनिवार.
तिसऱ्या दिवशी डोळे लाल, पण चिपडं नाहीत.
चौथ्या दिवशी जीभ. चिगुसा म्हणाली, स्ट्रॉबेरी,
आणि लगेच तोंडावर हात ठेवला,
फळाचं नाव घेण्यातच काही चुकलं असावं तसा.

पाचव्या दिवशी निवा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.
रक्तवाहिन्या सुजतात. हृदयाच्याही,
या वयात त्या शेवईएवढ्या असतात.
कशामुळे?
संशयित पुष्कळ, त्या म्हणाल्या. एखादा विषाणू, जिवाणू,
बुरशीसुद्धा. काही जण म्हणतात वारा,
हिवाळ्यात समुद्रापलीकडून येतो तो.
रंगेहाथ अजून कुणी सापडलेलं नाही.

त्या रात्री कचेरीत जाऊन मी वही उघडली.
ताप चढण्याआधीचे दोन दिवस:
वायव्य, अकरा.
वायव्य, चौदा.
अक्षर माझंच. शेरा: बोटी परत.

हाच वारा शेजारच्या कोहारूच्याही नाकातोंडात गेला.
तो खुशाल बर्फाचे गोळे फेकतोय.
मग आमच्याच दारी का,
हे विचारायला वाऱ्याला घरपत्ता नसतो.

बाटलीतलं औषध हजारोंच्या रक्तातून गाळलेलं.
थेंब थेंब, रात्रभर.
झोप येत नव्हती म्हणून मी माणसं मोजत बसलो:
हा कागोशिमाचा टॅक्सीवाला,
ही निवृत्त शिक्षिका, दंडावर कापूस दाबून बसलेली,
हा फुकटच्या सरबतासाठी रक्त देणारा पोरगा.
यांतल्या कुणाच्या तरी रक्ताला
तो आगंतुक ओळखीचा असेल.
आम्हाला नाव कळलं नाही तरी चालेल.

सकाळी ताप उतरला.
एक वाहिनी मात्र एका जागी फुगलेली राहिली.
तीन पूर्णांक आठ मिलिमीटर.
हा आकडा लिहायला माझ्या वहीत रकाना नाही.

पंधराव्या दिवशी बोटांच्या टोकांची सालं निघू लागली.
‘बाबा, मी संत्रं झालो,’ इत्सुकी म्हणाला.
एक पापुद्रा मोज्यात सापडला.
चिगुसाने तो फेकला नाही, ठेवलाही नाही.
तळहातावर घेऊन खिडकीशी उभी राहिली.
उघडू?

मी सवयीने बाहेर पाहिलं.
वायव्य. सहा असेल.
उघड, म्हणालो.