पाच दिवसांआडचं पाणी

पोरीला ताप चढला तेव्हा पिंपात
गुरुवारचं पाणी होतं, तळाला, वीतभर.
मे महिना. रात्री अडीचला भिंतीसुद्धा कढत.
मुनीर रात्रपाळीला, अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या मागांवर.
अम्मी आतल्या खोलीत. जागी की झोपलेली,
तिचं कधी कळत नाही.

इथे ती निलोफर.
रेल्वे लाइन्समध्ये माझ्या आईच्या तोंडी लिली.
आठ महिन्यांची पोर दोन्ही हाकांना मान वळवते,
तिला काय.

मी नर्स आहे. एकशे तीन म्हणजे काय, मला माहीत आहे.
औषध दिलेलं. आता पट्ट्या, आणि बसून राहणं.
कापड मुनीरच्याच कारखान्यातलं, सेकंडचा माल,
कडेला गाठ आलेला टॉवेल.
लग्नात कुणी भाषण केलं होतं, ताणा आणि बाणा वगैरे.
मुनीर नंतर हसला. म्हणाला, हे बोलणाऱ्याने
माग कधी चालवला नाही.
धागा तुटला की सगळं थांबवावं लागतं, रेजी.

सिव्हिलला, काचेच्या पेट्यांच्या वॉर्डात,
हे मी एकदा केलंय. साडेसातशे ग्रॅमचं पोर,
त्याच्या आईने हात जोडलेले, फादरचा फोन लागेना.
अडीनडीला कुणाच्याही हातून चालतं.
पाणी वाहिलं पाहिजे.
शब्द चुकता कामा नयेत.
आणि मनात तेच असलं पाहिजे.

पट्टी मी नीट पिळली नाही.
पाणी कपाळावरून कानशिलावर, तिथून उजव्या कानात.
याच कानात मुनीरने अजान म्हटली होती.
आधी वॉर्डच्या दारात उभा राहिला, चपला हातात घेऊन:
रेजी, चालेल ना?
माझे टाके ओले होते. मी हो म्हटलं.
ते हो माझंच होतं, कुणी काढून घेतलेलं नव्हतं.

आणि फादर युजीनच्या टेबलावरची सही, तीही माझीच.
लेकरं आपल्या श्रद्धेत वाढावीत म्हणून
माझ्याने होईल तेवढं करीन.
मुनीरला वाचून दाखवलं. त्याने चहा संपवला,
म्हणाला, ठीक आहे, मला माहीत असावं एवढंच ना.
होईल तेवढं.
हे कुठल्या तराजूत मोजतात?
नवरा कामावर असताना, सासू भिंतीआड असताना
जे होतं, ते होईल तेवढ्यात धरायचं,
की चोरीत?

पित्याच्या, ओठांवर आलं.
दुसरी पट्टी. पुत्राच्या, तेही.
तिसऱ्यांदा पाणी ओघळलं तेव्हा
आतून अम्मीचा आवाज: बुखार उतऱ्या क्या गे?
मी म्हटलं, उतरतोय.
तिसरं नाव मी घेतलं का, मला आठवत नाही.
हे पापनिवेदनात सांगायचं
तर नेमकं कशाचं? केल्याचं,
की अर्धवट सोडल्याचं?
फादर विचारतील, मनात काय होतं.
मनात एकशे तीन होते, फादर.
आणि त्या आकड्याच्या मागे दडून
मी काय काय करू शकते, ते होतं.

सहाला मुनीर आला, केसांत कापसाची लव.
हात धुतले, लेकीच्या कपाळावर ठेवला,
बरोब्बर तिथेच.
उतरला, म्हणाला. ओला तळवा शर्टाला पुसला.
मोरीत नळ फुसफुसू लागला,
पाचव्या दिवसाचं पाणी, आधी हवा, मग गढूळ धार.
अम्मी कळशी शोधू लागली. मुनीर बादली घेऊन उठला.

मी म्हटलं, बस जरा. बोलायचंय.
पाणी?
वाहू दे.

बादली हातात तशीच धरून
तो माझ्याकडे बघत राहिला.
सोलापुरात असं कुणी बोलत नाही.