एक मोकळी जागा

पुंता आरेनासमध्ये वारा दाराला कडी लावू देत नाही.
रोसाउरा बार्रिया बंदरावरच्या वजनकाट्यावरून घरी येते,
भोपळ्याच्या वाटीत कडू पाला भिजवते
आणि काळ्या पडद्यासमोर बसते.
चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत.
माऊस कधीचाच फळीवर गेला,
त्याच्या शेपटीला आता लोकरीचा गुंडा आहे.

एक शब्द, मग एक उभी रेघ, मग दुसरा शब्द:
पहिल्याच्या हातून सुटलेलं
दुसऱ्याच्या ओंजळीत.
ही युक्ती तिला कुणी शिकवावी लागली नाही.
आई पोर्वेनीरच्या कारखान्यात तांबडे खेकडे सोलायची,
बायकांची रांग असायची. एक फोडते, एक सोलते, एक तोलते,
आणि मान वर करून कुणी बघत नाही
आधी कोण होतं, पुढे कोण आहे.

काय काय केलं तिनं या पाटीवर!
रोज पहाटे पाचला भरती-ओहोटीचं कोष्टक आपोआप मागवलं,
त्याच्या लाटा काढल्या, नुसत्या टिल्डच्या,
तिच्या भाषेत एका अक्षराच्या डोक्यावर
जी नागमोडी टोपी असते, तिच्याच.
अकरा वर्षांच्या बोटींची नावं अकारविल्हे लावली, मोजली,
तेव्हा कळलं: बायकोचं नाव फार थोड्या बोटींना,
बाकी सगळ्या आया.
शिवाय एक गाय होती, अक्षरांची,
रोज हवामान सांगायची.
रोज एकच: वारा गं बाई, वारा.

रात्री एका बिनभिंतीच्या खोलीत सात-आठ जण जमत.
लंगडा पेंग्विन. ओव्हिएदोची एक दंतवैद्य, तिची तेव्हा पहाट.
आणि एक जण, जो कशालाही फक्त 'नाही' एवढंच लिहितो.
ओळ टॅबनं सरकवावी की स्पेसनं, यावरून भाऊबंदकी,
संपादक कोणता वापरावा यावर तर ठरलेली सोयरीक मोडेल.
'मावशी, हे चार ओळींत होतं.'
'तीन.'
'नाही.'
मावशी एक्केचाळीस वर्षांची. ती हसून पाला बदलायची.

ऑगस्टातल्या त्या रात्री
तिला एकच जुना फोल्डर पुसायचा होता.
या यंत्राच्या बोलीत टिल्ड म्हणजे घर.
घर, मग तिरपी रेघ, मग फोल्डरचं नाव, एका दमात लिहायचं.
घर आणि रेघ यांच्या मध्ये अंगठा अडखळला,
एक मोकळी जागा पडली.
'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी लागलं होतं.
इथे काहीच नव्हतं,
आणि त्या काहीच-नाहीनं घर नेलं.
यंत्रानं 'नक्की?' म्हणून विचारलं नाही.
विचारू नकोस, अशी शपथ तिनंच त्याला घातली होती.

खोलीत सांगितलं तेव्हा ते हसले.
वीस मिनिटं हसले, तिनं घड्याळ बघितलं.
प्रत्येकानं आपापली अशीच एक रात्र सांगितली,
दंतवैद्यानं तर दोन.
मग हळूहळू सामान येऊ लागलं,
कधी काळी तिच्याकडून उचलून नेलेलं.
गाय आली, पण आता ती
जेवणानंतर दात घासा म्हणते.
लाटा आल्या पेंग्विनकडून,
त्यानं त्या वाल्पाराइसोच्या समुद्राला जोडून टाकल्या होत्या.
शेवटी 'नाही'वाल्यानं
बोटींची यादी पाठवली, आठ वर्षांपुरती,
शब्द न बोलता.
सोबत मोजणीचा तिचाच तुकडा, दोन ओळींत बसवलेला.

उरलेल्या तीन वर्षांच्या आया गेल्या त्या गेल्या.

गाईला तिनं दुरुस्त केलं नाही.
लाटांनाही नाही.
पहाटे पाचला पडदा उजळतो,
दुसऱ्याच बंदराचं पाणी चढतं.
ती बाही लांब ओढून, काच पुसून
खालची सामुद्रधुनी बघते,
आणि दोन्हींतला फरक
तासा-मिनिटांत
वहीत लिहून ठेवते. पेन्सिलीनं.