कोलवेरकर

शनिवारी दुपारी डुलूथच्या वाचनालयात
जुन्या नोंदींच्या टेबलाशी मी बसते.
मार्चमध्ये सरोवरावरून असा वारा सुटतो
की लोक पुस्तकांसाठी कमी, हीटरसाठी जास्त येतात.

बोर्गहिल्ड आमंडसन, वय चौऱ्याऐंशी,
बिस्किटांच्या डब्यात वडील घेऊन आली.
नागरिकत्वाचा दाखला, सन एकोणीसशे एकतीस.
खनिजाच्या गोदीचा पितळी बिल्ला.
एक फोटो: कुणाच्या तरी लग्नात
आपल्या हातांचं काय करायचं ते न कळून उभा असलेला माणूस.

नाव: हिल्मार योहानसन.
जन्मस्थळ: नॉर्वे.
पुढे टिंब. कारकुनाने जरा जास्तच दाबून दिलेलं.

"नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये,
म्हणतात आमच्याकडे," मी बोलून गेले.
या खुर्चीला न शोभणारं वाक्य.
"माझे वडील ऋषी नव्हते," ती म्हणाली,
"बोटीत खनिज भरायचे. शिव्या द्यायचे."

योहानसन. योहानचा मुलगा.
किनाऱ्याने वाळूचे खडे मोजत जावं
तसे पाच शनिवार आम्ही योहान मोजले.
मधल्या वेळात तिने माझ्या आडनावाची चौकशी केली.
म्हटलं, नांदोस हे गाव, त्याला कर लावला, झालं.
"तू राहिलीस तिथे?"
दोन दिवस. एका मुंजीला.
"आणि तरी नाव तुझं?"
तरी नाव माझं.

सहाव्या शनिवारी बर्फ चिखल झाला होता.
मी विचारलं, लहानपणी कधी विचारलं होतंस का त्यांना, कुठले तुम्ही?
"शंभरदा. एकच उत्तर द्यायचे."
तिने खांदे उडवले, ओठ वाकडा केला,
आणि तिच्या तोंडातून दुसऱ्याच कुणाचा तरी जाड आवाज आला:
ॲ वेत इक्ये.
मला ठाऊक नाही.

ॲ.
डोक्यावर चंद्र घेतलेला अ.
आम्ही तो बॅट आणि बँकेसाठी ठेवलाय,
त्यांच्याकडे कुठेकुठे त्याचा अर्थ होतो मी.
सगळीकडे नाही. गावागावाचा मी वेगळा,
आमच्यात नाही का कुणी मी म्हणतं, कुणी म्या,
आणि ऐकणारा मनातल्या मनात तालुका ओळखतो.

ट्रॉम्सोच्या दप्तरातल्या माणसाला फोनवर ऐकवलं.
तो हसला. म्हणाला, पुन्हा म्हणा.
तिने पुन्हा म्हटलं. चारदा. शेवटी रडवेली होऊन.
म्हणजे साठ वर्षं तो माणूस ठाऊक नाही म्हणत होता
आणि म्हणता म्हणता पत्ता सांगत होता.

मग बाकीचं सोपं होतं. म्हणजे, कठीण होतं पण सोपं.
चर्चची वही, उत्तरेचं एक बेट, कोलवेर,
सात घरं, आता एकही नाही.
हिल्मार. आई निकोलिने, मोलकरीण.
बाप योहान, परगावचा खलाशी, सध्या कुठे ते ठाऊक नाही.
नावाआधी पाद्र्याने एक बारीक अक्षर काढलं होतं.
त्याचा अर्थ सांगायला मी लांबचा रस्ता धरला,
त्या काळी, समुद्रावरची माणसं, असं होतं की,
तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लग्नाचा नव्हता. कळलं."
बराच वेळ ती त्या रकान्याकडे बघत राहिली.
"मला वाटायचं, लपवताहेत.
खरंच ठाऊक नव्हतं त्यांना."

नकलेसाठी अर्ज भरायचा होता. अर्जदाराचं नाव.
तिने लिहिलं बोर्गहिल्ड, मग थांबली,
मग मला विचारून, एकेक अक्षर जोडत: कोलवेरकर.
वाचून बघितलं. खुदकन हसली.
सरकारी कागद आहे, म्हणाली, आणि त्यावर काट मारली.
काट अगदी हलकी होती.
मी अर्ज तसाच पाठवला.