दोनशे साठच्या आधी नाही

तांडापेठेत पहाटे तीनला
डोमाजी हेडाऊ पिठाची चिमूट भट्टीत फेकतात
आणि मोजतात.
पाचाला पीठ तांबूस झालं की पाव आत.
तिनालाच काळं पडलं तर ओलं गोणपाट फिरवायचं,
साताला पांढरंच राहिलं तर शिव्या,
पोराला नाही, लाकडाला.

मी आले ती काटा घेऊन.
धुराड्याच्या गळ्यात आता एक जाळी आहे,
मधाच्या पोळ्यासारखी, चिनीमातीची,
तिच्यावर महागड्या धातूचा हात फिरवलेला,
इतका पातळ की दिसत नाही.
ती धूर जाळते.
हे तीनदा सांगितलं.
"धूर म्हंजे जळून उरलेला ना? मंग त्याचं अजून काय जळन?"
नाही काका. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं.

ते गोळे वळत राहिले.
दोन ट्रे भरल्यावर म्हणाले, "असं."

भिंतीवर खडूने लिहिलं:
दोनशे साठच्या आधी झडप वळवायची नाही,
गार जाळीत धूर कोंडला की ती काजळते.
साडेसातशेच्या वर जाऊ द्यायची नाही,
धातू झडतो, मग उरते नुसती भोकं.
लाकूड सुकंच.
रंगाचं लाकूड मुळीच नको.
विक्कीने खाली आपला मोबाइल नंबर लिहिला.

डिसेंबर. बाहेर आठ अंश.
काटा एकशे चाळीसवर रेंगाळतो,
एकशे नव्वद,
लकडगंजच्या आरामशिनीवरून आलेले सागाचे तुकडे
तडतडतात, मध्येच एक ओली बाभूळ निघते
आणि काटा मागे. पुन्हा एकशे सत्तर.
दोनशे चाळीसला हात शिवशिवतो.
वळवून टाकू का? वीस अंश म्हणजे काय मोठंसं?
डोमाजी माझ्याकडे बघतात,
कच्चा पाव काढणाऱ्याकडे बघावं तसे.

दोनशे साठ. झडप.
आधी काहीच होत नाही.
मग खालची आग मंदावते आणि तरीही
काटा स्वतःहून चढू लागतो, चारशे, पाचशे, सहाशे,
कोणी लाकूड घातलेलं नसताना.
काचेतून जाळी दिसते,
लाल, पण निखाऱ्यासारखी नाही,
उन्हाला धरलेल्या कानाच्या पाळीसारखी.

चौथ्या दिवशी डोमाजींनी हातगाडीवर दार आणलं.
रस्ता रुंद झाला तेव्हा घर अरुंद झालं,
पुढची खोली गेली, दार तेवढं राहिलं.
निळा ऑइलपेंट. घरात लग्न निघालं की एक हात,
असे सात.
"सागवान हाय. आख्खा आठवडा चालन."
कुऱ्हाड टेकलेली होती.

मी म्हटलं, नाही. रंग जाळीवर बसतो.
"मरते का जाळी?"
मरत नाही. तिथेच असते. फक्त तिच्याने काही जळत नाही.
त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा निळा.
"हा शकूच्या लग्नाचा," ते म्हणाले.
हिरव्याचं बोललेच नाहीत.

कुऱ्हाड विक्कीने उचलून ठेवली.
भट्टीच्या तोंडाशी गल्लीतून बोचरा वारा शिरतो,
त्याने काटा रात्रभर थरथरायचा.
डोमाजींनी दार तिथे आडवं लावलं, दोन विटांवर,
कडी अजून त्याला होती.
काटा सहाशे दहावर येऊन थांबला.

पाचला पहिली घाण निघाली.
आम्ही बाहेर आलो, वर बघितलं.
धुराड्याच्या तोंडावर काहीच नव्हतं,
फक्त मागच्या चांदण्या थोड्या हलत होत्या.
मला वाटलं आता काहीतरी बोलतील.
"मॅडम," ते म्हणाले, "लोकं धूर पाहून येतेत.
आता त्याहिले वाटन, हेडाऊची भट्टी बंद पडली."
आणि आत जाऊन पिठाची चिमूट फेकली.
एक. दोन.