तांबडा लागला

वडूजच्या चर्चच्या आवारात
बोअरची गाडी लागली त्या रात्री
पाळक शांतवन रणभिसे छत्री घेऊन उभे होते.
पाऊस नव्हता. धूळ होती.

आधीच्या रविवारी त्यांनी सांगितलं होतं,
पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं,
दिवस म्हणजे चोवीस तास,
मिनिट इकडे नाही, मिनिट तिकडे नाही,
आणि ज्याला हे पटत नाही
त्यानं पोरांना शिकवू नये.

रविवारची शाळा पप्पा घ्यायचे.
त्यांनी खडूचा डबा वेदीच्या पायरीवर ठेवला,
गीताचं शेवटचं कडवं
नेहमीसारखं बेसूर म्हटलं,
आणि चपला शोधत बाहेर आले.

पण बोअर त्यांनाच मारायचा होता.
खटाव तालुक्यात पॉइंट सांगावा
तर इलीसा साबळेनंच, हे पाळकही जाणून होते.
येरळेत त्या साली वाळूसुद्धा उरली नव्हती.

दर दहा फुटांना एक ढीग.
मुरूम. मग काळा, काळा, काळा.
साठ फुटांवर मशीनचा आवाज बसला
आणि तिरुचेंगोडचा पोरगा ओरडला, "तांबडा!"
मराठीतले चार शब्द त्याला येत, त्यातला एक.

पप्पांनी ओंजळभर उचलून माझ्या हातावर दिलं.
गरम होतं. विटेच्या भुग्यासारखं.
"आग आली, थंडावली," ते म्हणाले.
"मग कुणीतरी वाट बघितली.
दगडाची माती होईस्तोवर. मातीत काहीबाही उगवेस्तोवर.
मग वरनं दुसरी आग. ही माती भाजली ती तेव्हा."

पाळकांनी ऐकलं.
"इलीसा, देव हे एका श्वासात करू शकतो."
"करू शकतो की. मी कुठं नाही म्हणतो?
पण त्याला घाई होती, असं हे ढीग म्हणत नाहीत."
"म्हणजे दगड तुझं शास्त्र?"
"अक्षर कुणाचं, एवढंच बघतो मी."

एकशे दहा फूट. काळा.
एकशे चाळीस. पुन्हा तांबडा.

मग पाळक जे बोलले
ते मशीनच्या आवाजात फक्त मला ऐकू आलं,
कारण मी त्यांच्या छत्रीखाली होते.
"मी वीटभट्टीवर जन्मलो, पोरी.
त्या एका पुस्तकानं मला उभं केलं.
त्यातली एक वीट तुझ्या बापानं सैल केली
तर मी कशावर उभा राहू?"
मी नऊ वर्षांची. मी म्हटलं, "पप्पा वीट काढत नाहीत, भोक पाडतात."
ते हसले नाहीत.

पहाटे आई आली, ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळी उरकून,
थर्मास घेऊन, सुजल्या पायांनी.
वाद कशावरनं ते तिनं चहा ओतता ओतता ऐकलं.
"सूर्य चौथ्या दिवशी आला ना?
मग पहिल्या तीन दिवसांची ड्युटी कुणी लावली?
कळा देणाऱ्या बाईला विचारा कधी,
रात्र किती तासांची असते."
दोघांनीही कप खाली ठेवला नाही.

दोनशे चाळीसवर पाणी.
आधी चिखल उडाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर
भिंतीला तांबडा पट्टा ओढत गेला,
मग गढूळ, मग स्वच्छ.
पाळकांनी छत्री उघडली, उशिरा.
पप्पांनी पहिला पेला त्यांना दिला.
ते प्यायले. प्रार्थना केली. आभार मानले, देवाचे.
खडूचा डबा पायरीवरच राहिला.

आता त्याला वीस-बावीस वर्षं झाली.
पाळक फलटणला बदलून गेले, तिथंही तेच सांगतात.
पप्पा शेवटच्या बाकावर बसतात, पंपाच्या बाजूला.
नाताळला भिंतीला चुना लागतो,
जूनपर्यंत तांबडं पुन्हा वर येतं.

त्या रात्री तांबडे ढीग पाच होते असं मी म्हणते.
पप्पा म्हणतात सहा,
एक पोरांनी ताऱ्याच्या रांगोळीला पळवला.
किती वेळा थांबला असेल तो, दोन आगींच्या मध्ये,
किती विसावे,
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.