मी जातो

डॉक्टर सासने म्हणाले, मीठ कमी, चालणं जास्त.
म्हणून रोज संध्याकाळी मी रंकाळ्याला जातो.
हो, जातो.
पुण्याची नणंद हसते :
मारिसेलवहिनी, ‘जाते’ म्हण गं.
पण मला मराठी शिकवलं शेजारच्या आक्काताईनं,
ती स्वतःच येतो-जातो करत पापड लाटते.
आणि आमच्या तागालोगमध्ये
तो नि ती एकाच शब्दात बसतात,
दाटीवाटीनं, वडापमध्ये बसावं तसे.

पाव फेरीपर्यंत मला बातांगासचा समुद्र आठवतो,
अर्ध्या फेरीला फक्त डावा गुडघा.
पुढचा रंकाळा मी अजून पाहिलेला नाही.
गंगावेशीत म्हैस उभी असते,
फेसासकट पेला हातात येतो.
दुधात मीठ नसतं, डॉक्टर.

घरी पोचलो की भिंतीपलीकडून आक्काताई :
जेवलीस काय?
तेवढ्यात फोनवर आई,
अडीच तास पुढच्या रात्रीतून,
तेच विचारते.
दोघींनाही सांगतो, अजून नाही.
(पांढरा रस्सा दोन वाट्या झालाय.
तो जेवणात धरत नाहीत.)

मशीन दंडाला आवळतं, विचार करतं,
म्हणतं, एकशे अडतीस.

बरं चाललंय की.
तांबडा अजून गॅसवरच आहे.